नवीन ओएस टाकली, ७७७ पण मारलं, तरी वेब सर्व्हर ४०३ का देतोय

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ होतं, त्यावर अपाचे ह्या वेब सर्व्हरवर साईट नीट चालायची, आता फॉरमॅट मारून २४.०४ टाकलं, बॅकअपमधून साईटचं फोल्डर होममध्ये परत आणलं, साईटची जुनी कॉन्फिग फाईल जागेवर ठेवली, आणि ब्राउझरमध्ये ४०३ फॉरबिडन. मग साईटच्या पूर्ण फोल्डरवर सीएचमोड ७७७ मारलं, म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं सगळ्यांना खुलं केलं, तरी ४०३च. (कमांड आणि एरर मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीसारखं इंग्रजीत टाईप करा.)

७७७ करूनही ४०३ जात नाही, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती आहे. त्याचा अर्थ अडथळा त्या फोल्डरच्या परमिशनमध्ये नाहीच, तो दुसरीकडे कुठेतरी आहे, त्यामुळे तिथे अजून काही मारत बसू नका. आणि आता अख्ख्या होमवर किंवा त्याहून वाईट म्हणजे थेट रूटपासून (/, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून) ७७७ मारून बघावं असं वाटत असेल तर कृपया हात आवरा. होम फोल्डरला ग्रुपचं किंवा इतरांचं राईट लागलं की एसएसएच (दुरून लॉगिन करायचं साधन) तुमची की घ्यायलाच नकार देतं, सुडोअर्सची फाईल (सुडो कोणाला वापरता येईल ते ठरवणारी) सगळ्यांना लिहिता येण्यासारखी झाली की सुडो चालायचं बंद होतं, मग ४०३ राहतो बाजूला आणि मशीनमध्ये शिरायचीच पंचाईत होते. असे सर्व्हर माझ्याकडे आलेले आहेत आणि तिथे परमिशन एकेक करून सरळ करण्यापेक्षा परत इन्स्टॉल करणं सोपं पडतं.

पहिलं काम एरर लॉग. ब्राउझर नुसतं ४०३ म्हणतो, का ते सांगत नाही, आणि बाहेरच्या माणसाला ते कळूही नये, पण लॉगमध्ये अपाचे अगदी स्पष्ट लिहितो. एका टर्मिनलमध्ये सुडो टेल डॅश एफ करून /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग उघडं ठेवा (साईटच्या कॉन्फिगमध्ये वेगळा एररलॉग दिला असेल तर तो), दुसऱ्या टर्मिनलमधून कर्लने पेज मागवा, आणि त्या क्षणी जी ओळ पडते ती पूर्ण वाचा. त्या ओळीत एएच ने सुरू होणारा एक नंबर असतो, तोच सगळं सांगतो.

एएच०००३५ असेल तर पुढे लिहिलेलं असतं की सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कॉम्पोनन्ट ऑफ द पाथ, म्हणजे फाईलपर्यंत जायच्या वाटेवरचं कुठलं तरी फोल्डर अडवतंय. एएच०१६३० असेल तर क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन, म्हणजे फाईल सिस्टमचा काही संबंध नाही, अपाचेच्या कॉन्फिगनेच नको म्हटलंय, तिथे तुम्ही जन्मभर सीएचमोड करत बसलात तरी फरक पडणार नाही. एएच०१२७६ म्हणजे परमिशनचा प्रश्नच नाहीये, फोल्डरमध्ये इंडेक्स फाईल सापडली नाही आणि लिस्टिंग बंद आहे, म्हणून ४०३ दिला, बॅकअप अर्धवट आला असेल किंवा डॉक्युमेंटरूट (कॉन्फिगमधला साईटच्या फोल्डरचा पाथ) एक पायरी वर दिला गेला असेल तर हे हमखास होतं. आणि एएच००५२९ आलं तर अपाचेला .एचटीअ‍ॅक्सेस फाईल बघता येत नाहीये, तिचं मूळ बहुतेक वेळा पहिल्यासारखंच वाटेवरच्या फोल्डरमध्ये निघतं. हे चार ओळखता आले की निम्मी शोधाशोध वाचते.

तुमच्या केसमध्ये मला जवळजवळ खात्री आहे की एएच०००३५ दिसेल. उबुंटूने २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० परमिशनने (तीन आकडे म्हणजे ओळीने मालक, ग्रुप आणि इतर) बनवायला सुरुवात केली, त्याआधी ते ७५५ असायचं. म्हणजे २०.०४ वर होममधून कोणालाही आत जाता यायचं, वेब सर्व्हरच्या युजरलाही, आणि २४.०४ वर इतरांना दारच बंद. ज्यांनी फॉरमॅट न करता २०.०४ वरून अपग्रेड केलं त्यांचं जुनं होम ७५५च राहतं, म्हणून शेजारच्या टेबलवरच्या माणसाचं चालतंय आणि माझंच का नाही हा गोंधळ होतो, दोघंही २४.०४ वरच असतात. फेडोरा आणि रेड हॅटच्या घरातल्या सिस्टमवर तर होम फार पूर्वीपासून ७०० असतं.

हे डोळ्यांनी बघायचं तर नेमआय डॅश एल ही कमांड आहे आणि ती फार कमी लोक वापरतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. एलएस फक्त शेवटची फाईल दाखवतं, नेमआय रूटपासून फाईलपर्यंतची प्रत्येक पायरी एका ओळीत दाखवतं. समजा युजरचं नाव सागर आहे, तर नेमआय डॅश एल /होम/सागर/साईट/इंडेक्स.पीएचपी असं टाका. पहिल्या दोन ओळी, / आणि होम, मालक रूट नावाचा मुख्य युजर, इतरांना आर-एक्स, ठीक. तिसरी ओळ सागर, तिथे मालकाला आरडब्ल्यूएक्स, ग्रुपला आर-एक्स आणि शेवटी तीन नुसते डॅश. ते तीन डॅश म्हणजे तुमचा ४०३. त्याखाली साईटच्या ओळीत तुम्ही मारलेलं ७७७ दिसेल, सगळे नऊ अक्षरं भरलेली, पण तिथपर्यंत सर्व्हर पोचतच नाही. सोसायटीचं मेन गेट बंद ठेवून फ्लॅटचं दार सताड उघडं टाकल्यासारखं आहे हे.

फोल्डरवरचा एक्स म्हणजे चालवणं नाही, आत शिरून पुढे जायची परवानगी, एवढं पक्कं लक्षात असू द्या. आर असेल तर आतली यादी वाचता येते, एक्स असेल तर नाव माहीत असलेल्या गोष्टीपर्यंत जाता येतं. वेब सर्व्हरला वाटेवरच्या फोल्डरांवर फक्त एक्स पुरतो.

खात्री करायची असेल तर त्या युजरच्या नावानेच फाईल उघडून बघा. उबुंटू आणि डेबियनवर अपाचे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ह्या युजरने चालतो, तर सुडो डॅश यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा लावून पुढे कॅट आणि फाईलचा पूर्ण पाथ द्या. त्या युजरला लॉगिन शेल नसतं पण सुडोला त्याची गरज पडत नाही. इथे परमिशन डिनाइड आलं तर अपाचेचा विचार सोडून द्या, प्रश्न फाईल सिस्टमचा आहे. इथे फाईल नीट वाचली गेली आणि ब्राउझरमध्ये तरी ४०३, तर कॉन्फिगकडे वळा.

आता उपाय. सगळ्यात चांगला म्हणजे साईट होममधून काढा आणि /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा /एसआरव्ही मध्ये ठेवा, सर्व्हर असेल तर दुसरा विचारच करू नका. पण तुमचा लॅपटॉप आहे, दिवसभर कोड बदलत राहायचंय, प्रोजेक्ट होममध्येच हवाय, तर एसीएल, म्हणजे एकेका युजरला वेगळी परवानगी द्यायची सोय, वापरा: सुडो सेटएफएसीएल डॅश एम, मग यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:एक्स, मग /होम/सागर. ह्याने फक्त त्या एका युजरला फक्त आत शिरता येतं, बाकी सगळ्यांना दार बंदच. सीएचमोड ओ+एक्स करूनही काम होतं, मग होम ७५१ होतं, यादी कोणाला दिसत नाही पण मशीनवरच्या कुठल्याही युजरला आतून वाट मिळते, एकट्याच्या लॅपटॉपवर चालेल, जिथे चारजण लॉगिन करतात तिथे नको. काहीजण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला सागर ग्रुपमध्ये टाकायला सांगतात, ते मला पटत नाही, कारण मग तुमच्या होममधलं ग्रुपला वाचता येण्यासारखं सगळंच वेब सर्व्हरला दिसायला लागतं आणि उद्या साईटमध्ये एखादं भोक निघालं तर तेवढं सगळं उघड्यावर.

एसीएल लावल्यावर एक गोष्ट सांभाळा. एलएसमध्ये परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसायला लागेल, ते एसीएल आहे म्हणून. नंतर कधी तुम्ही होमवर सीएचमोड ७०० केलंत तर एसीएलची नोंद तशीच दिसते पण मास्क (एसीएलच्या परवानगीची वरची मर्यादा) शून्य झाल्यामुळे ती लागू होत नाही, आणि काही न बदलता साईट बंद पडली असं वाटतं. गेटएफएसीएल केलं की इफेक्टिव्हच्या पुढे तीन डॅश दिसतात, मग कळतं.

जर लॉगमध्ये एएच०१६३० निघालं तर गोष्ट वेगळी. उबुंटूच्या अपाचे२.कॉन्फमध्ये रूट डिरेक्टरीला रिक्वायर ऑल डिनाइड लिहिलेलं असतं आणि परवानगी फक्त /यूएसआर/शेअर आणि /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ला असते. होममधल्या साईटसाठी तुमच्या कॉन्फिगमध्ये स्वतंत्र डिरेक्टरी ब्लॉक आणि त्यात रिक्वायर ऑल ग्रँटेड लागतंच, जुन्या मशीनवर ते कदाचित मुख्य फाईलमध्ये लिहिलं होतं आणि बॅकअपमध्ये फक्त साईटची फाईल आली, असं बऱ्याचदा होतं. अजून एक, अपाचे २.४ येऊन २०१२ पासून एवढी वर्षं झाली तरी २.२ च्या काळातलं ऑर्डर अलाऊ,डिनाय आणि अलाऊ फ्रॉम ऑल अजून लोकांच्या फाईलींत कॉपी होत होत फिरतंय. ते लिहिल्यावर सर्व्हर तक्रार न करता सुरू होतो, कारण जुन्या पद्धतीसाठीचं मॉड्यूल चालू असतं, पण मुख्य फाईलमधला डिनाइड तसाच लागू राहतो आणि ४०३ येतो. ते जुनं सगळं काढा आणि रिक्वायर लिहा, दोन्ही मिसळून ठेवू नका.

आता तुम्ही मारलेलं ७७७ मागे घ्यायचंय, हे विसरू नका, साईट चालू झाली की लोक हे तसंच सोडतात. सीएचमोड डॅश मोठा आर मध्ये मोठा एक्स वापरून होईल असं वाटतं, पण इथे फसतं, कारण मोठा एक्स फोल्डरबरोबर ज्या फाईलवर आधीच कोणाला तरी एक्स आहे तिलाही एक्स देतो, आणि ७७७ मुळे तुमच्या सगळ्याच फाईलींवर तो लागलाय. म्हणून फाईंड वापरा, एकदा टाईप डी लावून फोल्डरांना ७५५ आणि एकदा टाईप एफ लावून फाईलींना ६४४. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईल ६४० करा आणि तिचा ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ठेवा. प्रोजेक्टमध्ये चालवायच्या स्क्रिप्ट असतील तर त्यांना एक्स परत हाताने द्यावा लागेल.

इथपर्यंत साईट उघडेल. पण उघडणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं, आणि बॅकअपवरून आलेल्या साईटला दुसरा धक्का इथे बसतो, म्हणून ह्यावर थोडं जास्त लिहितो.

लिनक्स डिस्कवर मालकाचं नाव ठेवत नाही, नंबर ठेवतो. नाव फक्त दाखवायला, /इटीसी/पासडब्ल्यूडी मधून बघून. ओएस बदलली की ती फाईल नवी येते आणि तोच नंबर दुसऱ्याच कोणाचा तरी होतो, किंवा कोणाचाच राहत नाही. वेब सर्व्हरचा युजर उबुंटू-डेबियनवर ३३ नंबरचा, रेड हॅटच्या घरात अपाचे नावाचा ४८ नंबरचा. साध्या युजरचे नंबर सेंटओएस ६ पर्यंत ५०० पासून सुरू व्हायचे, ७ पासून १००० पासून. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला तेव्हा एका पतसंस्थेचा अंतर्गत वापराचा सर्व्हर असाच उबुंटूवर हलवलेला होता, काम दुसऱ्या कोणी केलं होतं आणि तक्रार माझ्याकडे आली की साईट उघडते, सगळी पानं दिसतात, फक्त सभासदांचे स्कॅन केलेले कागद अपलोड होत नाहीत. एलएस डॅश एल केलं तर अपलोड फोल्डरच्या ओळीत जिथे मालकाचं नाव हवं तिथे नुसतं ४८ लिहिलेलं. टारने (बॅकअपचा गठ्ठा बांधणारी-उघडणारी कमांड) रूट युजर म्हणून फाईली उघडताना अपाचे हे नाव शोधलं, उबुंटूवर ते नाव नाही, म्हणून त्याने जुना नंबर जसाच्या तसा ठेवला, आणि उबुंटूवर ४८ नंबरचा कोणीच नाही. वाचायला इतरांचा आर पुरत होता म्हणून पानं दिसत होती, लिहायला मालकच लागतो आणि मालक जागेवर नव्हता.

अशा फाईली शोधायला फाईंडला डॅश नोयुजर हा पर्याय आहे, ज्यांचा मालक सिस्टमला माहीत नाही त्या सगळ्या बाहेर काढतो. आणि बदलायला सीएचओनला डॅश डॅश फ्रॉम=४८ देता येतं, म्हणजे फक्त ४८ च्या होत्या तेवढ्याच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या होतील, बाकीच्यांना हात लागणार नाही. जुनी डिस्क नुसती जोडून वापरत असाल तर नाव जुळवायचा प्रश्नच येत नाही, नंबरच चालतो, आणि तिथे जास्त धोका असा की जुन्या मशीनवर १००१ तुम्ही होतात आणि नव्या मशीनवर १००१ दुसऱ्याच कोणाला मिळाला तर तुमच्या फाईली बिनबोभाट त्याच्या होतात, एररही येत नाही. एलएस डॅश एलएन ने नंबर बघायची सवय लावून घ्या.

इथे मोह होतो की अख्खी साईट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर करून टाकू, मिटला प्रश्न. नका करू, मनापासून सांगतोय. कोडचा मालक तुम्ही राहा, सर्व्हरला फक्त वाचू द्या, आणि जिथे खरंच लिहायचंय तेवढीच फोल्डर त्याला द्या, लाराव्हेल असेल तर स्टोरेज आणि बूटस्ट्रॅपमधलं कॅशे, वर्डप्रेस असेल तर अपलोड्स. कारण सर्व्हरला कोड बदलता येत असेल तर अपलोडच्या फॉर्ममधून शिरलेला माणूस तुमच्याच पीएचपी फाईलीत स्वतःचा कोड घालून ठेवतो आणि तुम्ही तो महिनोनमहिने चालवत बसता. वर्डप्रेस प्लगिन टाकताना एफटीपीचा पासवर्ड मागायला लागलं तर त्याचंही कारण हेच असतं, पीएचपी ज्या युजरने चालतंय त्याचा आणि फाईलींच्या मालकाचा मेळ बसत नाही, एफटीपी बसवायची काही गरज नसते.

रॉकी, अल्मा किंवा फेडोरावर असाल तर वरचं सगळं बरोबर असूनही परमिशन डिनाइड येऊ शकतं, कारण तिथे एसइलिनक्स (नेहमीच्या परमिशनच्या वरची आणखी एक सुरक्षा) चालू असतं आणि प्रत्येक फाईलवर एक लेबल असतं. नेहमीची चूक अशी की फोल्डर होममधून एमव्हीने /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल मध्ये हलवलं जातं, एमव्ही होमचं लेबल सोबत घेऊन येतं, सीपी केलं असतं तर नव्या जागेचं लेबल लागलं असतं. एलएस डॅश मोठा झेड केलं की लेबल दिसतं, युजर_होम_टी दिसलं तर रिस्टोरकॉन डॅश आरव्ही त्या फोल्डरवर चालवा, काम झालं. फोल्डर वेगळ्याच जागी असेल किंवा अपलोड लिहायचं असेल तर आधी सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने त्या पाथला लेबल नोंदवा, लिहायच्या फोल्डरला एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कॉन्टेंट_टी, आणि मगच रिस्टोरकॉन. सेटएन्फोर्स ० करून बघणं हे निदानासाठी ठीक आहे, एक मिनिट बंद केलं, साईट चालली, म्हणजे कारण कळलं, लगेच परत १ करा आणि एयूसर्च डॅश एम एव्हीसी मध्ये नेमकं काय अडलं ते वाचा. कायमचं डिसेबल करून टाका असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो घेऊ नका, लेबल लावायला दोन कमांड लागतात. आणि एनजिनएक्सच्या (अपाचेसारखाच दुसरा वेब सर्व्हर) मागे नोडचं अ‍ॅप असेल, पेजवर ५०२ (म्हणजे मागच्या प्रोग्रामकडून नीट उत्तर मिळालं नाही) आणि लॉगमध्ये अपस्ट्रीमला कनेक्ट करताना १३ परमिशन डिनाइड, तर फाईलींना हात लावू नका, सेटएसइबूल डॅश मोठा पी देऊन एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट चालू करा.

साईट बाहेरच्या डिस्कवर ठेवली असेल तर अजून दोन गोष्टी. डेस्कटॉपवर क्लिक करून जोडलेली डिस्क /मीडिया/सागर च्या खाली येते आणि ते सागर फोल्डर फक्त तुमच्यासाठी एसीएल लावून बनवलेलं असतं, सर्व्हरला तिथे वाव नाही, म्हणून डिस्क एफएसटॅबमधून (मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) /एसआरव्ही सारख्या जागी जोडा. आणि डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर मालक आणि परमिशन माउंट करतानाच्या यूआयडी, जीआयडी आणि यूमास्कवरून ठरतात, नंतरचं सीएचमोड तिथे लागूच पडत नाही. विंडोजच्या डिस्कवर साईट ठेवूच नये असं माझं मत, बॅकअपपुरती ठीक.

एनजिनएक्सवाल्यांसाठी एक. उबुंटूच्या रिपॉझिटरीतलं एनजिनएक्स डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाने चालतं, पण एनजिनएक्सच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून घेतलेलं एनजिनएक्स नावाच्या युजरने चालतं, आणि पीएचपी-एफपीएमचं (पीएचपी चालवणारी सर्व्हिस) सॉकेट, म्हणजे एनजिनएक्स तिच्याशी ज्यातून बोलतं ती फाईल, असतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचं, ६६० परमिशनचं. मग साध्या एचटीएमएल फाईली उघडतात आणि प्रत्येक पीएचपी पानाला ५०२, लॉगमध्ये /रन/पीएचपी मधल्या सॉकेटचं नाव आणि पुढे १३. एनजिनएक्स.कॉन्फमधली युजरची ओळ डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा करा, किंवा एफपीएमच्या पूल फाईलमध्ये लिसन.ग्रुप बदला, आणि दोन्ही सर्व्हिस रीस्टार्ट करा. सॉकेटला हाताने ७७७ करू नका, एफपीएम परत सुरू झालं की ते नव्याने बनतं.

तुम्ही आधी लॉगची ती एक ओळ बघा आणि नेमआय चालवा. होमच्या ओळीत ते तीन डॅश असतील तर सेटएफएसीएलची एक कमांड, त्यानंतर फाईंडने ७५५-६४४, आणि अपलोड फोल्डरचा मालक. अपाचे रीस्टार्ट करायचीही गरज नाही, फाईल सिस्टमची परमिशन प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने तपासली जाते. तरी ४०३ राहिलाच तर लॉगमधली पूर्ण ओळ, नेमआयचं आउटपुट आणि साईटच्या कॉन्फिगमधला डिरेक्टरी ब्लॉक पाठवा, पासवर्ड असेल तर खोडून, मी बघून सांगतो.